पायावरची चादर

माझ्या डाव्या पायाच्या घोट्याशी, आतल्या बाजूला, बोटाच्या पेराएवढी एक आडवी खूण आहे. पोटावर याहून कितीतरी लांब खूण आहे, पण तिची गोष्ट साधी आहे. आतडं फुटलं, डॉक्टरांनी पोट उघडून टाके घातले, मी वाचलो. घोट्याची गोष्ट तशी नाही. मी वाचतोय असं सगळ्यांना वाटू लागलं होतं, आणि तेव्हाच त्या एवढ्याशा खुणेतून मरण आत शिरलं.

हे आज लिहायचं कारण असं की मध्यंतरी पुतण्याला वाशीमला आयसीयूत ठेवलं होतं. दारावरचा पोरगा कुणाला आत सोडेना, सोडलं तर हात धुतल्याशिवाय जाऊ देईना, आणि पेशंटला हात लावू देईना. आमची मंडळी त्याच्या अंगावर धावून गेली. ‘आमी काय परके हावो काय?’ मी बाकावर बसून हे ऐकत होतो. त्या पोराची बाजू घ्यावी असं फार वाटलं, पण एवढी मोठी गोष्ट त्या गोंधळात कशी सांगणार? म्हणून लिहितो आहे.

ताप

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा तालुक्याचं गाव होतं, जिल्हा अकोला. मी अनसिंगला शाळेत मास्तर होतो. आमच्या घरात पगार आणणारा मी पहिलाच. माझे वडील, त्यांना आम्ही बा म्हणायचो, जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबले. छप्पन्न सालानंतर आमच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला, देव्हारे रिकामे झाले, पोरं शाळेत बसली. त्या पोरांतला मी.

ताप येऊन बरेच दिवस झाले होते. सकाळी उतरायचा, दुपारनंतर चढायचा. वार्षिक परीक्षा तोंडावर होती आणि माझा स्वभाव असा की शाळेत न जाणं म्हणजे काहीतरी पाप. गोळी घ्यायची, तोंडावर पाणी मारायचं आणि वर्गात उभं राहायचं. बायको, कमल, रोज भांडायची.

“अवो, दवाखान्यात चला ना. काहून असं करून राह्यले? शाळा काय पयून चालली?”

“परीक्षा झाली की जाऊ,” मी म्हणायचो.

परीक्षा झाल्या नाहीत. फळ्यावर भागाकार लिहीत होतो आणि पोटात कुणी विळा ओढावा तशी कळ आली. खडू हातातच राहिला. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. कुणाच्या तरी जीपमध्ये मागच्या फळीवर आडवा पडलो आहे, डोकं कमलच्या मांडीवर आहे, रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला मी ओरडतो आहे आणि बा ड्रायव्हरला सांगतो आहे, “हळू घे बापा, हळू घे,” आणि लगेच, “घाई कर बापा.”

वाशीमच्या त्या दवाखान्याचं आणि डॉक्टरांचं नाव मी लिहीत नाही. त्यांनी पोटावर हात ठेवला. पोट लाकडासारखं कडक झालं होतं. मुदतीच्या तापानं, म्हणजे टायफॉइडनं, आतडं फुटलं होतं.

“मास्तर, एवढे दिवस कुठे होतात?” त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. कमलकडे होतं, पण तिनं ते दिलं नाही. तिचे ते उपकार मी विसरलो नाही.

सीरियस खोली

शुद्धीवर आलो तेव्हा नाकात एक नळी होती आणि घसा आतून सोलून निघाल्यासारखा झाला होता. पाय हलवायला गेलो तर सिस्टर म्हणाल्या, “हां हां, डावा पाय नाही हलवायचा.”

झालं असं होतं की हाताच्या शिरा पार आत दडल्या होत्या. सुई कुठेच लागेना. मग डॉक्टरांनी घोट्याशी कापून शीर उघडली होती, तीत बारीक नळी घालून दोऱ्यानं बांधली होती आणि वरून पट्टी गुंडाळली होती. स्टँडला काचेची सलाइनची बाटली उलटी टांगलेली, तिच्यातून लाल रबरी नळी खाली आलेली. त्या नळ्या उकळून पुन्हा पुन्हा वापरायच्या. वापरून फेकून द्यायच्या वस्तू आमच्याकडे अजून यायच्या होत्या. माझं अन्न, पाणी, औषध, सगळं त्या घोट्यातून आत जात होतं. तोंडातून एक थेंब जाऊ द्यायचा नव्हता.

मी होतो तसल्या खोलीला आज आयसीयू म्हणतात. तेव्हा तिला सगळे ‘सीरियस खोली’ म्हणायचे. दोन खाटा, एक ऑक्सिजनचं सिलिंडर, आणि दाराशी सिस्टरचं टेबल. माझ्या शेजारची खाट एकदा भरली आणि रिकामी झाली. तो माणूस कुठे गेला, हे मी विचारलं नाही.

तहान म्हणजे काय, हे मला त्या खोलीत कळलं. वाशीमचा उन्हाळा, वर गरगरणारा पंखा, आणि बाहेर कुणीतरी माठातून पाणी घेतल्याचा आवाज. तो आवाज आला की मी डोळे मिटून घ्यायचो. कमल कापूस ओला करून ओठांवरून फिरवायची. सिस्टरनं तिला बजावलं होतं की पिळून घ्यायचा. पण कमल कधीकधी जरा कमी पिळायची आणि दुसरीकडे बघायची. त्या अर्ध्या थेंबासाठी मी दिवसभर तिच्या हाताकडे डोळे लावून बसायचो.

पोट हळूहळू मऊ पडू लागलं. डॉक्टर म्हणाले, “टाके चांगले आहेत. आतडं अजून काही दिवस झोपलेलं राहू द्या. तोवर सलाइनवर चालेल.”

आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो.

भेटीला येणारे

आमच्याकडे दवाखान्यात माणूस पडला आणि भेटीला गेलं नाही तर ते वैर धरण्यासारखंच समजतात. अनसिंगहून सकाळच्या एसटीनं माणसं यायची. केळी घेऊन यायची, जी मला खायची नव्हती. उभी राहायची, चुकचुकायची, आणि माझ्या पाया पडून जायची.

खरं तर मी वर्गात कुणाला पाया पडू द्यायचो नाही. हात जोडा, जयभीम म्हणा, नमस्कार म्हणा, पण वाकू नका, हे माझं नेहमीचं पालुपद. पण आता आवाजच फुटत नव्हता. आणि मास्तर मरता मरता वाचला म्हटल्यावर कोण ऐकतो?

मग एक दिवस नारायणराव आले.

नारायणरावांबद्दल सांगायला हवं. गावातले मोठे शेतकरी, साठीच्या पुढचे. बानं त्यांच्याच वावरात अर्धं आयुष्य काढलं होतं. मी लहान असताना पाहिलं आहे, संध्याकाळी मजुरी द्यायची वेळ आली की बा खाली ओंजळ धरायचा आणि ते वरून टाकायचे. हाताला हात लागू नये म्हणून. रागानं नव्हे, तशी पद्धतच होती. पद्धत म्हटलं की माणसाला वाईटही वाटत नाही, आणि हेच जास्त वाईट.

पुढे मी सांजेचा प्रौढांचा वर्ग सुरू केला आणि एक दिवस तेच नारायणराव पाटी घेऊन येऊन बसले. अंगठा मारायची लाज वाटते म्हणाले. ‘न’ काढायला शिकवताना त्यांचा हात धरायला मी पुढे झालो आणि तिथेच थबकलो. त्यांनीच मान वर केली. “धरा ना जी. त्याच्याबिगर कसं येईन?” मी हात धरला. त्यांची सही झाली त्या दिवशी त्यांनी पाटी पुसली नाही. तशीच घरी घेऊन गेले.

ते सीरियस खोलीत आले. आधी वाशीमच्या मारुतीला जाऊन आले होते. टोपी काढली, खाटेच्या पायथ्याशी गेले, आणि चादरीवरूनच माझे पाय दोन्ही हातांनी धरून त्यांवर डोकं ठेवलं.

“मास्तर, तुमी बरे व्हा. अजून मले जोडाक्षरं शिकायची हायेत.”

मी बाच्याकडे पाहिलं. बा कोपऱ्यात स्टुलावर बसला होता. तो उठला. परत बसला. त्याला काय करावं हेच कळत नव्हतं. नारायणराव गेल्यावर तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “पाह्यलं काय रे? पाह्यलं काय?” मी मान हलवली. बाचे डोळे भरले होते आणि तो हसत होता.

त्यानंतर बानं एक नवीन काम अंगावर घेतलं. कुणी भेटीला आलं की तो उठायचा आणि माझ्या पायांवरची चादर बाजूला करायचा. चादरीवरून पाया पडणं त्याला अपुरं वाटायचं. “या. पाय इकडं हायेत,” म्हणायचा. जसं काही घरचं लग्न आहे आणि तो पाहुण्यांना पाट मांडून देतो आहे. लोक एसटीतून उतरून, वावरातून येऊन, बैलांना हात लावून, तंबाखू मळून आलेले असायचे, आणि त्याच हातांनी माझे घोटे धरायचे. सिस्टर एकदोनदा रागावल्या. बा चादर पांघरायचा, त्या वळल्या की पुन्हा काढायचा.

खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटत होतं. पोटात अन्न नव्हतं, ओठाला पाणी नव्हतं, पण बाचा चेहरा पाहून मला वाटायचं की आजारी पडलो ते अगदीच वाया गेलं नाही.

थंडी

एक दिवस दुपारी मला थंडी वाजली.

थंडी वाजली असं म्हणणं सोपं आहे. मे महिन्याची दुपार, खिडकीचे गज हाताला चटका लागेल असे तापलेले, आणि मी असा कापू लागलो की खाट फरशीवर खडखडू लागली. सलाइनची बाटली स्टँडवर टणटण वाजत होती. दातांवर दात. कमल माझ्या अंगावर आडवी पडली, मला दाबून धरायला. मग थंडी गेली आणि ताप इतका चढला की मी तिला शाळेच्या हजेरीतली नावं सांगू लागलो.

संध्याकाळी उतरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. नंतर पुन्हा. अंगातली उरलीसुरली ताकद दर थंडीबरोबर जात होती. डॉक्टरांचा चेहरा बदलला. ते सारखं पोट दाबून बघायचे, टाके बघायचे, नाडी बघायचे आणि काही न बोलता जायचे. डॉक्टर बोलत नाहीत तेव्हा पेशंटला जे ऐकू येतं ते फार वाईट असतं.

शेवटी त्यांनी कमलला बाहेर बोलावलं. ती आत आली तेव्हा पदर तोंडाशी धरला होता.

“काय म्हणतात?”

“म्हन्तात, आतडं आतून पुन्हा गळून राह्यलं असंन. पुन्हा पोट उघडा लागते म्हन्तात.”

“मग?”

ती स्टँडवरच्या बाटलीकडे पाहू लागली.

“मग काय, सांग ना.”

“या ताकदीत तुमी उठसान की नाई, ते सांगता येत नाई म्हन्तात. अन् नाई उघडलं तरी सांगता येत नाई.”

मी छताकडे पाहत राहिलो. मला मरायचं नव्हतं. आमची पोरगी दोन वर्षांची होती, अनसिंगला मावशीकडे ठेवली होती, आणि मला एकच गोष्ट आठवत होती की ती ‘बाबा’ म्हणायच्या ऐवजी ‘बबा’ म्हणते आणि ती नीट म्हणायला लागेल तेव्हा मी नसेन. मी रडलो. कमलसमोर पहिल्यांदा. तिनं डोळे पुसले नाहीत माझे, नुसता हात धरून ठेवला.

पट्टी

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं. सकाळी सिस्टरनी संपलेली बाटली काढून नवी लावली, आणि ऑपरेशनआधी अंगात थोडी ताकद जाऊ दे म्हणून ती जरा जोरात सोडली. डॉक्टर शेवटचं बघायला आले होते. ते नाडी धरून उभे असतानाच मला थंडी सुरू झाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे.

“बंद करा ती. आधी बंद करा.”

मग म्हणाले, “काल थंडी कधी आली होती? बाटली बदलल्यावरच ना? आणि परवा?” सिस्टरनी मान हलवली. डॉक्टर पायथ्याशी गेले आणि चादर उचलली.

घोट्यावरची पट्टी पांढरी राहिली नव्हती. कडा मातकट झाल्या होत्या, घामानं आणि गळलेल्या सलाइननं मधोमध ओली होती. आणि तिच्यावर केशरी रंगाचे डाग होते. बोटांचे. एका अंगठ्याचा तर पूर्ण ठसा.

“या पट्टीवर शेंदूर कुठून आला?” डॉक्टरांनी विचारलं.

आम्ही बौद्ध माणसं. आमच्या घरात शेंदूर नाही. मग कमल हळूच म्हणाली, “पाया पडाले येतात ना जी लोकं. मारुतीहून येतात.”

“पाया? या पायाला? पण चादर तर असते.”

कमलनं खाली पाहिलं. बा भिंतीशी उभा होता. त्यानं उत्तर दिलं. “चादर मी काढतो, साहेब.”

पट्टी कापली तेव्हा वास आला. जखमेच्या तोंडाशी पू होता आणि तिथून पोटरीवर शिरेच्या वाटेनं लाल रेघ चढली होती. डॉक्टरांनी दोरा कापला आणि नळी ओढून काढली. ती बाहेर येताना मला काही दुखलं नाही, एवढं आठवतं.

“पोट नाही,” ते सिस्टरना म्हणाले. “पाय आहे. टेबल आवरा, पोट उघडायचं नाही.”

कमल खाली फरशीवरच बसली.

नंतर त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. ही नळी म्हणजे थेट रक्तात जाणारी वाट आहे. कातडी माणसाला जे बाहेर अडवून धरते ते या वाटेवर अडवायला कुणी नसतं. नळी जितके दिवस राहील तितका धोका वाढतो. पायात असली तर हातापेक्षा जास्त. पट्टी ओली राहिली तर जास्त. नळी सारखी उघडली, जोडली तर जास्त. आणि पेशंट असा उपाशी, खंगलेला असला की त्याच्या अंगात लढायला काही उरलेलंच नसतं. “हे सगळं तुमच्यात होतं, मास्तर. नळी मी आधीच बदलायला हवी होती. दुसरी शीर सापडणार नाही म्हणून मी तीच ठेवली, ते चुकलं.” डॉक्टर असं बोललेले मी पुढे फारसे ऐकले नाहीत. “पण या वाटेवर वरून बाहेरची माती पडली, तीही आता पडता कामा नये.”

कोपराशी कापून त्यांनी नवी शीर शोधली. पुष्कळ वेळ लागला. त्या वेळात खोलीत सगळे जीव मुठीत धरून होते, कारण ती सापडली नसती तर औषध आत घालायला वाटच नव्हती. सापडली.

“आता ही शेवटची,” डॉक्टर म्हणाले. “विष रक्तात पसरलंय. औषध लागू पडलं तर ताप उतरेल. पण हीसुद्धा बिघडली तर माझ्या हातात काही नाही. कुणी हात लावायचा नाही. पायाला नाही, हाताला नाही, खाटेलाही नाही.” मग ते बाच्याकडे वळले. “बाबा, तुम्ही दाराशी बसा. येईल त्याला सांगा, शिवू नका.”

बानं मान वर केली.

“नाई.”

“काय नाही?”

“दुसरं काईबी सांगा, साहेब. झाडू मारतो. फरशी पुसतो. पन हे मी कोनाले म्हननार नाई. शिवू नका, शिवू नका. हे ऐकू ऐकू माह्या बापाचे कान किटले, माहे किटले. आता कुठं लोकं माह्या पोराले शिवून राह्यले, अन् मीच म्हनू शिवू नका?”

डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले. मग निघून गेले. त्यांना कळलं असावं. नाही तर वेळ नसावा.

दार

दाराशी कमल उभी राहिली. पण सून माणूस, डोक्यावर पदर, आणि येणारे सगळे वडीलधारे. तिनं हात आडवा केला की लोक म्हणायचे, “हो वं बाई, दुरून पाह्यतो,” आणि आत यायचे. नात्यातली एक म्हातारी तर तिच्या हाताखालून आत शिरली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडायला लागली. तिचा दुसरा हात माझ्या कोपरावर टेकणार एवढ्यात कमलनं तिला खसकन मागे ओढलं. म्हातारी पडता पडता वाचली. मग जे तोंड सुटलं ते बाहेर फाटकापर्यंत ऐकू येत होतं. शिकलेल्या नवऱ्याची बायको, माणसं नकोशी झाली, आणि काय काय. बा बाहेर बाकावर भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्यानं मान वळवली नाही.

मला त्याचा राग आला. आज कबूल करतो, त्या दिवशी मला माझ्या बापाचा फार राग आला होता. ताप उतरत नव्हता. त्याच्या अभिमानापायी माझा जीव जाणार होता आणि तो भिंत बघत होता. आणि त्याच वेळी मला हेही कळत होतं की तो बरोबर बोलला होता. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही घेऊन मी तिथे पडून होतो.

दुसऱ्या दिवशी नारायणराव पुन्हा आले.

दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. कपाळाला शेंदूर होता. कमलनं हात आडवा केला आणि त्यांना पाहून आपोआप खाली घेतला. त्यांच्यापुढे तिचं काय चालणार? टोपी काढून ते आत पाऊल टाकणार, तेवढ्यात बाकावरून बा उठला.

“मालक.”

“अरे सखाराम. बाजूले हो, मास्तरच्या पायावर डोकं ठेवू दे.”

“नाई, मालक.”

“काहून?”

बा दारात आडवा उभा राहिला. मग म्हणाला, “शिवू नका.”

नारायणरावांना ऐकू आलं नाही की कळलं नाही, कोण जाणे. “काय म्हनला?”

“शिवू नका म्हनलो. माह्या पोराले शिवू नका, मालक. तुमचा हात लागला तर तो मरन.”

सिस्टर टेबलावरून उठल्या होत्या त्या तशाच उभ्या राहिल्या. नारायणरावांनी स्वतःचा उजवा हात पुढे करून पाहिला. तळहात पाहिला, मग उलटा करून पाहिला. अंगठ्याला शेंदूर होता. त्यांनी तो धोतराला पुसला. पुसूनही त्यांचा हात त्यांना स्वच्छ वाटला नसावा, कारण त्यांनी तो पाठीमागे नेला.

“मंग किती दूर उभा राहू?” त्यांनी विचारलं.

बा दाराची चौकट धरून रडायला लागला. त्याच्या सत्तर वर्षांत हे त्यालाच विचारावं लागलं होतं, आणि आज ते त्याला कुणीतरी विचारलं होतं.

नारायणराव उंबऱ्याच्या अलीकडे मागे सरकले. तिथून त्यांनी हात जोडले. “जयभीम, मास्तर,” म्हणाले. त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. ते गेले नाहीत. बाच्या बाकावर, बाच्या शेजारी बसले. आणि थोड्या वेळानं एसटीतून उतरलेली मंडळी आली तेव्हा मला बाहेरून त्यांचा खणखणीत, वावरात गड्यांना हाक मारायचा आवाज ऐकू आला.

“ए, कोन हाय तो? थांब तिथंच. मास्तरले शिवू नका! दुरून पाहा!”

पुढचे काही दिवस ते रोजच आले. एका बाकावर ते दोघं बसायचे. बा म्हणायचा, नारायणराव म्हणायचे, कधी दोघं एकदमच म्हणायचे. ते दोन शब्द बाहेरून ऐकू आले की मला खाटेवर पडल्या पडल्या हसू यायचं आणि हसलं की टाके दुखायचे.

ताप एका दुपारी उतरला. अंगाला दरदरून घाम सुटला, उशी भिजली, आणि मला स्वच्छ, खरीखुरी भूक लागली. नंतर थंडी आली नाही. डॉक्टरांनी नाकातली नळी काढली. पहिला चमचा पाणी कमलनं पाजला. या वेळी तिनं दुसरीकडे पाहिलं नाही.

घर

घरी आलो तेव्हा मी चालत घरात शिरलो, पण चार पावलं चाललो की बसायला लागायचं. पोरगी मला पाहून मावशीच्या मागे लपली. मग बऱ्याच वेळानं ‘बबा’ म्हणाली. अजून चुकीचंच म्हणत होती. मला ते फार आवडलं.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी सगळ्या जखमा पाहिल्या होत्या. घोट्याची भरली होती, नवी कातडी गुलाबी दिसत होती. “आता काही भीती नाही,” ते म्हणाले होते. पण सवय मोडत नव्हती. वस्तीतली माणसं दारात येऊन लांबूनच हात जोडायची आणि लांबूनच बोलायची. बा ओसरीवर बसून असायचा. अजून राखण करायचा.

एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी नारायणराव दिसले. त्यांच्या वावरात आमची अख्खी वस्ती राबली होती, पण ते आमच्या वस्तीत कधी आले नव्हते. हातात पाटी होती. ते येऊन आमच्या अंगणाच्या कडेला थांबले. तिथून पुढे पाऊल टाकेनात. बाच्याकडे पाहत उभे राहिले, परवानगीची वाट पाहत.

बा उठला. घरात आला. मी खाटेवर पडलो होतो, माझ्या पायांवर चादर होती. त्यानं ती दोन्ही हातांनी उचलली, नीट घडी केली आणि बाजूला ठेवली. मग दाराकडे तोंड करून म्हणाला,

“या मालक. आता शिवा.”